अर्धांगवायू, ॲक्युप्रेशर आणि आपले कर्तव्य

(रेणापूर येथे शिंपी समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस दोन शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा आम्ही शिक्षणावर बोलू अशी त्यांची अपेक्षा असणार. कारण आमचा सारा जन्म खडू आणि फळा यांच्या सहवासात गेला. परंतु आज आम्ही निवडलेला विषय शरीराचा आहे. आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टर तर नव्हेच. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलेले आणि त्याच पेशातून निवृत्त झालेले आम्ही एक शाळामास्तर आहोत. तरीही हा विषय घेण्यास दोन कारणे झाली. आमच्या वडीलबंधूंना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांच्या शुश्रूषेत आमच्या कुटुंबाची तीन वर्षे गेली, हे पहिले कारण. दुसरे कारण आपणां सर्वांचे आहे. आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या हातांवर जगत आला. कात्री उजव्या हातात, कापड डाव्या हातात आणि मशीनच्या पायट्यावर दोन्ही पाय, असा आपला धंदा. अर्धांगवायू शरीराचा अर्धा भाग नेतो असे म्हणतात. पण शिंप्याच्या घरी तो आला म्हणजे धंदा सगळाच नेतो. म्हणून ज्या घरी हा रोग आला त्या घराने काय करावे, आणि हल्ली ज्याचा बोलबाला आहे त्या ॲक्युप्रेशरचा त्यात कितपत उपयोग, याचा विचार आपण आज मिळून करू.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊ. आपल्याकडे जुनी माणसे ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात. कोणी लकवा म्हणतात. आयुर्वेदाने ह्यास पक्षाघात किंवा पक्षवध म्हटले असून वातव्याधींत त्याची गणना केली आहे. नावांत वारा असला तरी बाहेरच्या वाऱ्याशी ह्या रोगाचा संबंध नाही, हे आता निर्विवाद आहे. रोगाचे मूळ मेंदूत असते. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि पुढच्या भागास रक्त मिळत नाही. किंवा वाहिनी फुटून रक्त मेंदूत साचते. गुठळीचा प्रकार अधिक आढळतो, फुटण्याचा प्रकार अधिक घातक असतो. मेंदूच्या डाव्या अर्ध्याची सत्ता शरीराच्या उजव्या अंगावर आणि उजव्या अर्ध्याची डाव्या अंगावर चालते. म्हणून मेंदूच्या डाव्या बाजूस इजा झाली की उजवा हात-पाय लुळा पडतो, आणि बहुतेकांची वाचाही त्याच डाव्या बाजूस असल्यामुळे बोलणेही जाते. येथे एक गोष्ट मनात पक्की ठेवावी. अशा रोग्याचा हात लुळा पडला तरी हातात बिघाड झालेला नसतो. हाताला हुकूम देणारे कार्यालय बंद पडलेले असते. पुढचे सारे विवेचन ह्या एका गोष्टीवर उभे आहे.

आता पहिल्या काही तासांविषयी. तोंड एका बाजूस वाकडे होणे, दोन्ही हात समोर धरले असता एक आपोआप खाली येणे, बोलणे अडखळणे, अचानक तोल जाणे किंवा अचानक दृष्टी जाणे, ह्यांपैकी एकही लक्षण दिसताच घड्याळ पाहावे आणि रोगी शेवटचा धडधाकट केव्हा दिसला ती वेळ लक्षात ठेवावी. मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असता दर मिनिटास सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. गुठळी विरघळविणारे औषध आहे. पण ते साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी मेंदूचा सी. टी. स्कॅन काढून रक्तस्राव नाही ना, हे पाहावे लागते. कारण रक्तस्राव असता तेच औषध जीव घेते. काही निवडक रोग्यांची मोठी गुठळी नळी घालून काढता येते. तेथे मुदत थोडी अधिक मिळते. रेणापूरहून लातूर वीसेक किलोमीटरवर आहे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य येते. तेव्हा साडेचार तास आपल्या आवाक्याबाहेरचे नाहीत. आपण ते घालवितो कशात? ‘थोडे पडू द्या, बरे वाटेल’ ह्यात, अमक्या गावचा माणूस लकव्याचे औषध देतो म्हणून त्याच्याकडे गाडी वळविण्यात, पारव्याचे रक्त अंगास चोळण्यात, अंगारा आणण्यात.

ह्यांत अलीकडे एका नव्या समजुतीची भर पडली आहे. भ्रमणध्वनीवर एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. अर्धांगवायूचा झटका येताच रोग्यास हलवू नये, सुईने दहाही बोटांची टोके टोचून रक्त काढावे, कानाच्या पाळ्या ओढाव्यात, म्हणजे रोगी शुद्धीवर येतो, असे त्यात सांगितलेले असते. आणि ही चिनी विद्या आहे म्हणून ग्वाही दिलेली असते. बंधूंनो, इतरांच्या घरी सुई शोधावी लागेल. आपल्या घरी ती सदऱ्याच्या गळपट्टीलाच टोचलेली असते. म्हणून हा धोका आपणांस इतरांहून अधिक. बोटाच्या टोकातून चार थेंब रक्त काढल्याने मेंदूतील गुठळी विरघळत नाही आणि फुटलेली वाहिनी सांधत नाही. तेवढा वेळ मात्र जातो. त्या प्रसंगी सुई टोचू नये, बिंदू दाबू नयेत, तेल चोळू नये. तोंडात पाणी घालू नये, कारण गिळण्याची शक्ती गेलेली असल्यास पाणी श्वासनलिकेत जाते. घरातील कोणतीही गोळी आपल्या मनाने देऊ नये. रोग्यास कुशीवर निजवावे आणि रुग्णालयात न्यावे. ॲक्युप्रेशरची वेळ नंतर येते, आणि तीही डॉक्टरांस विचारून.

ही विद्या आली कोठून, तेही थोडक्यात पाहू. चीन देशात सुई टोचून उपचार करण्याची पद्धती दोन हजार वर्षांहून अधिक जुनी आहे. तिला ॲक्युपंक्चर म्हणतात. शरीरात चैतन्य वाहून नेणाऱ्या वाहिन्या आहेत आणि त्यांवरील ठराविक बिंदूंवर सुई टोचली असता त्यांतील अडथळा दूर होतो, अशी त्या शास्त्राची धारणा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने अशा ३६१ बिंदूंची नावे व क्रमांक निश्चित केले आहेत. त्याच बिंदूंवर सुईऐवजी बोटाने दाब दिला की ते ॲक्युप्रेशर. तळहात व तळपाय यांवर साऱ्या शरीराचा नकाशा काढून अंगठ्याच्या शेंड्यावर मेंदूचा बिंदू दाखवितात, ती पद्धत मात्र चीनची नव्हे. विल्यम फिट्झजेराल्ड ह्या अमेरिकन डॉक्टरांनी शरीराचे उभे दहा विभाग कल्पून १९१७ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पुढे युनिस इंगहॅम ह्या बाईंनी तळपायाचे नकाशे तयार केले. आपल्याकडील ॲक्युप्रेशरवाले ह्या दोन्ही पद्धतींची सरमिसळ करतात.

चिनी सुईविद्या भारतात येण्याच्या कथेत आपल्या शेजारच्या सोलापूरचे एक नाव जोडलेले आहे. १९३८ साली राष्ट्रसभेने जपानशी झुंजणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे डॉ. विजयकुमार बसू होते. कोटणीस शस्त्रवैद्य होते. सुईचा उपचार हे त्यांचे क्षेत्र नव्हे. ते ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्येच वारले. डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ती विद्या शिकून आले आणि १९५९ पासून कोलकात्यात त्यांनी ती चालू केली. कोटणीसांच्या स्मृतीशी ही विद्या ह्या मार्गाने जोडली गेली. महाराष्ट्र शासनानेही ॲक्युपंक्चरसाठी पुढे स्वतंत्र कायदा केला.

काही मंडळी म्हणतात, चीनकडे कशास पाहावयाचे, आपल्या सुश्रुताने मर्मे सांगितलीच आहेत. सुश्रुतसंहितेत १०७ मर्मे सांगितली आहेत हे खरे: हातापायांत ४४, धडात २६ आणि मानेवर व डोक्यात ३७. अंगठा व तर्जनी यांच्या मधले ‘क्षिप्र’ नावाचे मर्म आणि चिनी शास्त्रातला त्याच जागचा प्रसिद्ध बिंदू यांत साम्य दिसते, हेही खरे. पण सुश्रुताने मर्मे सांगितली ती शस्त्रवैद्याने तेथे घाव घालू नये म्हणून. मर्मावर आघात झाला तर माणूस मरतो किंवा पंगू होतो, असे तो बजावतो. ‘मर्मावर घाव’ हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोगही तेच सांगतो. अभिमान जरूर धरावा, परंतु ग्रंथात जे आहे तेच त्यातून घ्यावे.

आता मुख्य प्रश्न. लुळा हात बिंदू दाबल्याने चालू लागतो काय? ह्याचे उत्तर देण्यापूर्वी ह्या रोगाचा एक स्वभाव सांगितला पाहिजे, कारण तो न कळल्यामुळे अनेक घरे फसतात. अर्धांगवायूचा रोगी जगला, तर त्याच्या शक्तीत पहिल्या तीन महिन्यांत पुष्कळ सुधारणा आपोआप होते. सहा महिन्यांपर्यंत तिचा वेग मंदावतो. त्यानंतरही सुधारणा होत राहते, पण हळूहळू आणि कष्टाने. मेंदूची सूज उतरते आणि शेजारच्या शाबूत पेशी मेलेल्यांचे काम थोडेफार शिकून घेतात. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत जो कोणी दाराशी येईल, त्याच्या हातगुणाने रोगी सुधारल्यासारखा दिसणारच. अंगारा देणारा आला तर अंगाऱ्याने, तेलवाला आला तर तेलाने आणि बिंदू दाबणारा आला तर बिंदूने. ‘माझ्या चाळीस बैठकांत रोगी चालला’ असे कोणी सांगितले, तर तो खोटे बोलतो असे समजण्याचे कारण नाही. पण त्या बैठका नसत्या तर रोगी चालला नसता, हे त्यावरून सिद्ध होत नाही. ते ठरविण्यास एकच मार्ग आहे. सारख्या स्थितीतील पुष्कळ रोगी घ्यावयाचे, चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट करावयाचे, नेहमीचे उपचार दोन्ही गटांस द्यावयाचे, नवा उपचार एकासच द्यावयाचा आणि मग ताडून पाहावयाचे.

सुईच्या उपचारावर असे प्रयोग पुष्कळ झाले. अर्धांगवायूनंतरच्या पुनर्वसनासंबंधीच्या ३१ प्रयोगांचा, म्हणजे एकंदर २२५७ रोग्यांचा, आढावा कॉक्रेन ह्या जागतिक संस्थेने २०१६ साली प्रसिद्ध केला. उपचाराने परावलंबन काहीसे कमी होत असावे व गंभीर अपाय दिसला नाही. परंतु बहुतेक प्रयोग लहान व सदोष असल्यामुळे हा उपचार सर्वांस नेमाने द्यावा असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. ही सुईची गोष्ट झाली. बोटाच्या दाबासंबंधीचे प्रयोग त्याहूनही थोडे आणि छोटे आहेत. लुळ्या बाजूच्या खांद्याचे दुखणे, झोप आणि मलावरोध ह्यांत आराम पडल्याचे काही प्रयोगांतून दिसते. गेलेली शक्ती केवळ दाबाने परत आली असे सिद्ध झालेले नाही.

आमच्या घरचा अनुभव ह्याहून निराळा नाही. आमचे वडीलबंधू रेणापुरातच शिवणकाम करीत. हिवाळ्यात एका रात्री ते धडधाकट निजले, आणि पहाटे उठावयास गेले तो उजवे अंग हलेना. झटका झोपेत केव्हा आला हे कळण्यास मार्ग नव्हता. त्यामुळे गुठळीचे औषध देण्याची वेळ उलटली असेच डॉक्टरांस धरावे लागले. नऊ दिवसांनी ते घरी आले. आठवड्यातून एकदा लातूरला भौतिकोपचारासाठी नेऊ लागलो, आणि नात्यातल्या एकांच्या ओळखीने ॲक्युप्रेशर जाणणारे एक गृहस्थ रोज सकाळी येऊ लागले. गृहस्थ सज्जन. त्यांनी कसलीही हमी दिली नाही. ते अर्धा तास हात, पाय, खांदा हलकेच दाबीत. अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये, कोपराच्या घडीच्या बाहेरच्या टोकाशी, गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटे सोडून नडगीच्या बाहेरच्या अंगास, अशा त्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. आम्ही मास्तर असल्यामुळे वही घालून रोजची नोंद ठेवीत असू. त्या वहीत तीन गोष्टी स्पष्ट दिसतात. खांद्याची कळ कमी झाली. रात्री झोप लागू लागली. आणि दाबून झाल्यावर बंधू व्यायामास कुरकुर न करता बसत. बोटाची हालचाल मात्र ज्या दिवसांत वाढली ते दिवस निराळे आहेत, आणि ते बटणांचे दिवस आहेत.

ही बटणांची हकीकत सांगतो. भौतिकोपचार करणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दाबावयास दिला होता. बंधू दोन दिवसांत कंटाळले. ‘हा पोरखेळ मला नको’ असे त्यांच्या अडखळत्या वाणीने त्यांनी सांगितले. तेव्हा वहिनींनी दुकानातला बटणांचा डबा आणून त्यांच्यापुढे ठेवला. कोटाची मोठी बटणे एका ताटलीतून दुसऱ्या ताटलीत टाकावयाची. पहिल्या दिवशी तीन झाली. महिन्याने चाळीस झाली. मग सदऱ्याची लहान बटणे, मग दोऱ्याची रिळे ओळीने मांडणे, मग गजपट्टी गुंडाळणे, मग चिंधीवर खडूने सरळ रेघ ओढणे. बाईंनी हे पाहिले तेव्हा त्या म्हणाल्या, हाच खरा व्यायाम. पायासाठी पट्टा काढलेल्या मशीनचा पायटा हलविण्याचा अभ्यास त्यांनीच बसवून दिला. वर्षअखेर बंधू उजव्या हाताने कापडावर खुणा करू लागले. कात्री परत आली नाही ती नाहीच. आज ते माप घेतात, खुणा करतात आणि चिरंजीव कापतात. गिऱ्हाईक त्यांनाच विचारते, आणि दुकानावरची पाटी त्यांच्याच नावाची आहे.

बंधूंच्या बटणांमागे शास्त्र आहे. मेंदूच्या शेजारच्या पेशी नवे काम शिकतात ते वारंवार केल्याने. दिवसातून पाच-दहा वेळा केल्याने नव्हे, शेकडो वेळा केल्याने. आणि ज्या कामास अर्थ आहे तेच काम केल्याने. आम्ही शाळेत पाढे पाठ करून घेत असू. घोकल्याशिवाय पाढा येत नाही आणि दुसऱ्याने घोकून तो आपल्याला येत नाही. हाताचेही तसेच आहे. अमेरिकेतील एडवर्ड टॉब ह्या शास्त्रज्ञांनी एक पद्धत काढली. चांगल्या हातास जागेपणी बहुतेक वेळ जाड मोजा घालून ठेवावयाचा आणि दोन आठवडे अधू हाताकडूनच कामे करून घ्यावयाची. २०६ नव्हे, दोन-चारही नव्हे, तर २२२ रोग्यांवर ह्या पद्धतीचा प्रयोग होऊन २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अधू हाताचा वापर निश्चित वाढला. अर्थात ज्यांच्या मनगटात व बोटांत थोडी तरी हालचाल उरली आहे त्यांच्यासाठीच ती आहे. दाबणाऱ्याचे बोट रोग्याच्या हातास सुख देईल, पण हुकूम सोडण्याचा अभ्यास रोग्याच्या मेंदूनेच केला पाहिजे.

ज्यांस दाबाचा उपचार करावयाचा आहे त्यांनी पुढील पथ्ये पाळावीत. रोग्यास रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असतात. जोराने दाबल्यास त्वचेखाली रक्त साकळते. लुळ्या बाजूची संवेदना पुष्कळदा गेलेली असते, म्हणून ‘दुखते का’ ह्या प्रश्नाचे उत्तर तेथे भरवशाचे नसते. लाकडी काठ्या, काटेरी चक्रे व टोकदार साधने त्या बाजूस लावू नयेत. पोटरी सुजली असेल, लाल किंवा गरम झाली असेल, तर तिला हात न लावता डॉक्टर गाठावा. शिरेत गुठळी असल्यास चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाते. मानेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर दाब मुळीच देऊ नये. रक्तदाबाची, मधुमेहाची किंवा इतर कोणतीही गोळी दाबाच्या भरवशावर बंद करू नये. एका झटक्यानंतर दुसरा येण्याचा धोका मोठा असतो, आणि तो ह्या गोळ्या टाळतात. आणि जो ‘इतक्या बैठकांत हात उचलून दाखवितो’ अशी हमी देऊन आगाऊ पैसे मागतो, त्यास नमस्कार करून निरोप द्यावा.

दाबण्याहून अधिक महत्त्वाची अशी काही कामे घरच्यांनी शिकलीच पाहिजेत. रोग्यास उठविताना लुळा हात धरून कधीही ओढू नये. खांद्याचे स्नायू सैल झालेले असल्यामुळे सांधा खाली उतरतो, आणि मग जन्माचे दुखणे लागते. त्यास कमरेशी धरून उठवावे, बसल्यावर हाताखाली उशी द्यावी. अंथरुणास खिळलेल्यास दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, नाहीतर पाठीस व माकडहाडाशी जखमा होतात. घास लहान द्यावा, बसवून द्यावा, आणि खाताना ठसका लागत असल्यास गिळण्याची तपासणी करून घ्यावी. घाईही करू नये. पहिल्या चोवीस तासांतच रोग्यास वारंवार उठवून चालविण्याचा प्रयोग २१०४ रोग्यांवर झाला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्या गटाची प्रकृती उलट कमी सुधारल्याचे दिसून आले. केव्हा बसवावे, केव्हा उभे करावे, हे डॉक्टरांनी सांगावे व आपण ऐकावे.

एवढ्यावर कोणी म्हणेल, घरच्यांनी शिकून घेतले की झाले, तज्ज्ञाची गरज काय? हाही प्रश्न आपल्याच देशात तपासला गेला आहे. भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रोग्यांवर झालेल्या प्रयोगात एका गटाच्या घरच्यांस घरी व्यायाम करविण्याचे खास शिक्षण दिले. दुसऱ्या गटास नेहमीचे उपचार मिळाले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत किंवा परावलंबी रोग्यांचे प्रमाण सारखेच, शेकडा ४७ होते. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. ते वाचून आम्ही प्रथम खिन्न झालो. मग विचार केला तेव्हा त्यातला बोध ध्यानी आला. घरच्यांची माया आणि थोडे शिक्षण एवढ्याने तज्ज्ञाची जागा भरून निघत नाही. आमच्या घरी बटणांचा डबा वहिनींनी आणला. पण कोणत्या दिवशी मोठी बटणे थांबवून लहान घ्यावीत, हे बाईंनीच सांगितले. दोन्ही लागतात.

आणि ह्या सेवेत जी खपते तिच्याविषयी दोन शब्द. अर्धांगवायूच्या रोग्याचे मन हळवे होते. तो कारण नसता रडतो, चिडतो, कधी अंगावर धावूनही येतो. मेंदूच्या इजेमुळे हे होते, त्यात त्याचा दोष नसतो. खिन्नता फार झाल्यास त्यावरही औषध आहे. पण हे सारे सोसते कोण? बहुधा त्याची पत्नी, नाहीतर सून. रात्री दोन-दोन तासांनी उठून कूस ती बदलते, सकाळी स्वयंपाक ती करते, दुपारी मशीनवरही तीच बसते. भेटीस येणारी मंडळी रोग्यापाशी बसून उसासे टाकतात, अमक्या गावच्या औषधाचे नाव सांगतात आणि चहा घेऊन जातात. बंधूंनो, पुढच्या वेळी नाव सांगू नका. ‘वहिनी, तुम्ही तासभर झोपा, आम्ही येथे बसतो’ एवढे म्हणा. त्या तासात रोग्यापुढे बटणांची ताटली ठेवा आणि मोजत बसा.

आता आपल्या मंडळास आमची चार गोष्टींची विनंती आहे. पहिली, मंडळाने एक साहित्यपेढी काढावी. चारपायी काठी, आधाराची चौकट, चाकांची खुर्ची, शौचाची खुर्ची ही साधने प्रत्येक घरास काही महिनेच लागतात आणि मग माळ्यावर पडून राहतात. ती एकत्र करून गरजूंस फिरती द्यावीत. दुसरी, ज्या ज्ञातिबांधवास ऐपत नाही त्यास पहिले सहा महिने भौतिकोपचारास लातूरला जाण्यायेण्याचा खर्च मंडळाने द्यावा. कारण ह्या रोगात पैसा लावावयाचा तर तो ह्याच सहा महिन्यांत लावला पाहिजे. पुढे दसपट लावून तो लाभ मिळत नाही. तिसरी, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे शेकडा ४० किंवा त्याहून अधिक व्यंगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास काही सवलती मिळतात. ते प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र काढून देण्यास दोन तरुणांची नेमणूक करावी. आमच्यासारख्या निवृत्त मास्तरांनी अर्ज लिहून द्यावेत. तेवढे आम्हांस येते. चौथी, पुढल्या मेळाव्यात मंडपाच्या दाराशी रक्तदाब मोजण्याची सोय करावी. ह्या रोगाचे सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे कारण वाढलेला रक्तदाब हे आहे, आणि तो मोजल्यावाचून कळत नाही. त्याच्या जोडीस मधुमेह आणि तंबाखू आहेत. दुकानात बैठे काम, तोंडात तंबाखूची गोळी आणि वर्षानुवर्षे रक्तदाब न मोजलेला, असे किती बांधव ह्या मंडपात बसले असतील, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी पाहावे.

ॲक्युप्रेशरविषयी आमचे मत विचाराल तर ते एवढेच आहे. त्यास घरात येऊ द्यावे, पण घरधनी करू नये. हलक्या हाताने दिलेला दाब कळ शमवितो, झोप आणतो, आणि ज्याच्या अंगास कोणी हात लावीत नाही अशा माणसास आपण अजून आपल्या माणसांत आहोत हे सांगतो. हे काम लहान नाही. पण पहिले साडेचार तास रुग्णालयाचे, पहिले सहा महिने अभ्यासाचे आणि गोळ्या कायमच्या, हा क्रम त्याने मोडता कामा नये.

आमच्या मास्तरकीच्या सवयीने व्याख्यान लांबले. साहित्यपेढीसाठी आमच्या घरची चारपायी काठी आणि चाकांची खुर्ची आम्ही आजच मंडळाच्या स्वाधीन करीत आहोत. बंधूंस आता त्यांची गरज उरली नाही. चिटणीसांनी त्यांची नोंद पहिल्या पानावर करावी आणि उरलेली पाने आपण सर्वांनी भरावीत, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.